स्वप्नांत ऐकलेलें संगीत

पहाटेच्या सुमारास पुष्कळांस एक चमत्कारिक अनुभव येतो. झोपेंत कोणी तरी गात असतें, अथवा एखादें वाद्य वाजत असतें. चाल पूर्वीं कधीं न ऐकलेली, पण इतकी गोड कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावें. तेवढ्यांत जाग येते. क्षणभर ते सूर कानांत घोळत राहतात. मनुष्य अंथरुणांतून उठतो, दिवा लावतो, चूळ भरतो, घरांतल्या कोणाशीं दोन शब्द बोलतो. आणि मग ती चाल गुणगुणूं पाहतो, तों ती गेलेली असते. गोडी तेवढी आठवते. ज्याची गोडी होती तें आठवत नाहीं. मग दिवसभर कांहीं तरी हरवल्यासारखें वाटत राहतें.

हें असें कां होतें, आणि तें टाळण्यास कांहीं उपाय आहे कीं नाहीं, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

ह्या अनुभवाची सर्वांत प्रसिद्ध हकीकत ज्युसेप्पे तार्तिनी ह्या इटालियन व्हायोलिनवादकाची आहे. तार्तिनी इ. स. १६९२ मध्यें जन्मला व १७७० मध्यें वारला. त्याच्या उतारवयांत लालांद नांवाचा एक फ्रेंच ज्योतिषी इटलीच्या प्रवासास गेला होता. तार्तिनीनें सांगितलेली ही हकीकत लालांदनें १७६९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत नमूद करून ठेविली आहे. १७१३ मध्यें एका रात्रीं तार्तिनीला स्वप्न पडलें कीं, आपला सैतानाशीं करार झाला असून सैतान आपला चाकर बनला आहे. ह्या चाकराला वाजवितां येतें कीं नाहीं तें पाहावें, म्हणून त्यानें आपलें व्हायोलिन त्याच्या हातीं दिलें. सैतानानें जें वाजविलें तें इतकें अपूर्व होतें कीं, ऐकतां ऐकतां तार्तिनीचा श्वास कोंडला आणि तो जागा झाला. जागा होतांच त्यानें व्हायोलिन उचललें व ते सूर पकडण्याचा प्रयत्न केला. पण ते हातीं लागले नाहींत. मग जें सुचलें त्यावरून त्यानें एक रचना केली, तीच पुढें ‘सैतानाचा सोनाटा’ म्हणून गाजली. तार्तिनी म्हणे, आपल्या साऱ्या रचनांत ही उत्तम खरी. पण स्वप्नांत जें ऐकलें त्याच्यापुढें ती इतकी फिकी कीं, पोट भरण्याचें दुसरें साधन असतें तर आपण व्हायोलिन फोडून टाकून संगीताचा नाद कायमचा सोडला असता.

ही हकीकत सांगितली गेली ती स्वप्नानंतर पन्नासएक वर्षांनीं. रचनेच्या शैलीवरून ती १७१३ नंतर पुष्कळ वर्षांनीं झाली असावी, असें जाणकार म्हणतात. तेव्हां तिच्यांतील प्रत्येक तपशील अक्षरशः घेण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यांतली हळहळ मात्र ज्याला असें स्वप्न पडलें आहे त्या प्रत्येकाच्या ओळखीची आहे.

येथें एक शंका उद्भवते, ती अशी कीं, स्वप्नांत संगीत खरोखरच असतें काय? कदाचित् सूर मुळीं नसतील, आणि ‘आपण फार सुंदर संगीत ऐकत आहों’ एवढी भावनाच मनांत उत्पन्न होत असेल. ही शंका अगदीं निराधार नाहीं. इगोर स्ट्राव्हिन्स्की ह्या रशियन संगीतकाराला एकदां स्वप्न पडलें कीं, आपण एका लहानशा खोलींत असून भोंवतीं थोडे वादक बसले आहेत व सुरेख संगीत चाललें आहे. जागा झाल्यावर त्याला त्या संगीतांतला एकही स्वर आठवेना. पण वादक किती होते आणि त्यांच्या हातीं कोणतीं वाद्यें होतीं तें स्पष्ट आठवत होतें. तीं सारीं फुंकून वाजविण्याचीं आठ वाद्यें होतीं. त्यानें त्याच आठ वाद्यांसाठीं नवी रचना आरंभिली आणि ती १९२३ मध्यें पॅरिस येथें प्रथम वाजविली गेली. डोळ्यांना दिसलें तें राहिलें, कानांनीं ऐकलें तें गेलें, असा हा प्रकार होय.

तथापि सर्वच स्वप्नसंगीत अशा प्रकारें पोकळ नसतें. फ्लॉरेन्स येथील संशोधकांनीं ह्या विषयाची एक चौकशी करून ती २००६ मध्यें प्रसिद्ध केली. ३५ संगीत जाणणारे व ३० संगीत न शिकलेले अशा लोकांनीं तीस दिवस रोज सकाळीं आपल्या स्वप्नांची टिपणें लिहिलीं. संगीत जाणणारांना इतरांच्या दुपटीहून अधिक वेळां संगीताचीं स्वप्नें पडल्याचें दिसून आलें. दिवसभरांत किती तास रियाज केला ह्यावर तें अवलंबून नव्हतें. संगीताचें शिक्षण किती लहान वयांत सुरू झालें, ह्याच्याशीं त्याचा संबंध दिसला. शिवाय आठवलेल्या संगीतापैकीं जवळजवळ निम्में संगीत नेहमींच्या परिचयांतलें नव्हतें. ह्यावरून असें अनुमान निघतें कीं, झोपलेला मेंदू ऐकलेलीं गाणीं पुन्हां वाजवितोच, पण कधीं कधीं नवीनही जुळवितो. ज्या कानावर बालपणापासून सूर पडले, त्याच्या झोपेंतही सूर अधिक.

आतां झोपेच्या स्वरूपाकडे वळूं. झोप ही रात्रभर एकसारखी नसते. सुमारें दीड दीड तासाचे फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्याच्या शेवटीं कांहीं काळ अशी एक अवस्था येते कीं, शरीर शिथिल असतें, पण मिटलेल्या पापण्यांखालीं डोळे वेगानें हालत असतात. शिकागो विद्यापीठांतील अझेरिन्स्की व क्लाइटमन ह्यांनीं १९५३ मध्यें ह्या अवस्थेचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या वेळीं मनुष्यास जागें केल्यास तो बहुधा स्वप्न चाललें होतें असें सांगतो. ही अवस्था रात्रीच्या आरंभीं थोडा वेळ टिकते व पहाटेकडे लांबत जाते. म्हणूनच लक्षांत राहणारीं स्वप्नें बहुशः पहाटेचीं असतात.

मग हींच स्वप्नें विसरतात कां? ह्याचीं मुख्य कारणें तीन सांगतां येतील.

पहिलें कारण असें कीं, त्या वेळीं मेंदूचें कोठार उघडें नसतें. जागेपणीं एखादी गोष्ट लक्षांत ठेवण्यास मेंदूंत नॉरॲड्रेनलिन नांवाच्या द्रव्याचें साहाय्य होतें. वर सांगितलेल्या स्वप्नावस्थेंत तें जवळजवळ स्रवेनासें होतें. त्यामुळें स्वप्नांतील प्रसंग मनासमोरून जातात, पण त्यांची पक्की नोंद होत नाहीं. जपानांत नागोया येथील संशोधकांनीं २०१९ मध्यें असेंही दाखविलें कीं, उंदरांच्या मेंदूंतील कांहीं विशिष्ट पेशी ह्या अवस्थेंत जागृत होऊन विस्मरणास हातभार लावतात; त्या पेशींचें काम बंद पाडल्यास उंदरांची स्मृति अधिक चांगली राहते. माणसाच्या बाबतींत तेंच घडतें असें एवढ्यावरून म्हणतां येणार नाहीं. पण विसरणें हा केवळ निष्काळजीपणा नसून मेंदूच्या व्यवस्थेचा भाग असावा, असें मानण्यास जागा आहे.

दुसरें कारण, जाग आल्यावर जो नवा मजकूर मनावर आदळतो तो. नुकतें ऐकलेलें कांहीं मनांत थोडा वेळच तरंगत असतें. शाळेंत गुरुजींनीं एक ओळ सांगितली आणि ती लिहून घेण्यापूर्वीं शेजारच्या मुलानें कांहीं विचारलें, तर ओळ निसटते, तसेंच हें. सुरांना तर दुसरे सूर विशेष वैरी. शेजाऱ्याच्या घरांतला रेडिओ, गजराच्या घड्याळाची घंटा, रस्त्यावरची आरोळी, एवढेंही त्या नाजूक चालीस पुसून टाकण्यास पुरेसें होतें.

तिसरें कारण असें कीं, चालीला धरण्याजोगी मूठ नसते. स्वप्नांत पाहिलेलें घर, माणूस, नदी ह्यांना नांवें आहेत. नांव आठवलें कीं चित्र परत उभें राहतें. सुरांचें नांव ज्याला येत नाहीं, त्याच्यापाशीं त्यांना बांधून ठेवण्यास दोरी नाहीं. स्वरज्ञान असलेल्या मनुष्याला ‘गंधारावरून पंचमावर गेलें आणि धैवताला स्पर्श करून परतलें’ असें म्हणतां येतें. ज्याला तें येत नाहीं, तो ‘फार गोड होतें’ एवढेंच म्हणतो, आणि शेवटीं त्याच्यापाशीं तेवढेंच उरतें.

ह्या तिन्ही अडचणींतून एक चाल कशी पार पडली, त्याचें अलीकडचें उदाहरण सर्वांस ठाऊक असलेल्या एका इंग्रजी गाण्याचें आहे. ‘बीटल्स’ ह्या इंग्लिश संगीतमंडळींतील पॉल मॅकार्टनी हा १९६३–६४ च्या सुमारास लंडनमधील विंपोल स्ट्रीटवर एका घराच्या माडीवर राहत असे. एका सकाळीं तो जागा झाला तों एक पूर्ण चाल त्याच्या कानांत घुमत होती. पलंगाच्या लगतच पियानो होता. त्यानें लागलीच पियानोवर बसून ती वाजवून पाहिली व सूर निश्चित केले. पुढें त्याला उलटीच शंका येऊं लागली. चाल इतकी सहज आली, ती आपली कशी असेल? त्याच्या वडिलांना जुन्या चाली पुष्कळ येत. त्यांतलीच एखादी मनांत राहिली असेल, असें त्याला वाटलें. म्हणून सुमारें महिनाभर तो भेटेल त्याला ती ऐकवून ‘ही कोणाची आहे?’ असें विचारीत राहिला. कोणीही हक्क सांगेना, तेव्हां त्यानें ती आपली मानली. योग्य शब्द सांपडेपर्यंत मात्रा सांभाळण्यासाठीं त्यानें न्याहारीच्या अंड्यांविषयींचे थट्टेचे शब्द तिच्यावर बसविले होते. हेंच गाणें १९६५ मध्यें ‘यस्टरडे’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें.

ह्या हकीकतींत सैतान नाहीं कीं देवदूत नाहीं. पण तिच्यांत व्यवस्था आहे. वाद्य हाताशीं होतें. सूर प्रथम निश्चित झाले. निरर्थक कां होईना, शब्दांची मूठ बसविली गेली. आणि शेवटीं, चाल आपली आहे किंवा नाहीं ह्याची प्रामाणिक चौकशी झाली.

ही शेवटची गोष्ट अनावश्यक वाटेल, पण तशी ती नाहीं. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान हा १८५४ च्या फेब्रुवारींत मनोविकारानें ग्रस्त झाला होता. १७ तारखेच्या रात्रीं तो अंथरुणांतून उठला आणि देवदूतांनीं सांगितली म्हणून एक चाल त्यानें लिहून काढली. वस्तुतः ती आदल्याच वर्षीं त्यानें स्वतः रचलेल्या व्हायोलिन-रचनेच्या संथ भागांतील सुरांशीं जवळून जुळणारी होती. आपलीच जुनी रचना त्याला परक्या लोकांतून आलेली भासली. दहा दिवसांनीं त्यानें ऱ्हाइन नदींत उडी टाकली. लोकांनीं त्याला वांचविलें, पण पुढचीं दोन वर्षें रुग्णालयांत काढून तो तेथेंच वारला. ही एका आजारी मनाची करुण कथा आहे. परंतु तिच्यांतली भूल निरोगी माणसासही होते. रात्रीं मन जें आणून देतें त्यावर त्याचें मूळ लिहिलेलें नसतें. म्हणून जुनें तें नवें वाटतें, आणि आपलें तें दुसऱ्याचें.

महाराष्ट्रांत स्वप्नांत मिळालेले शब्द जपल्याचें सर्वांत परिचित उदाहरण संत तुकारामांचें आहे. त्यांनीं आपल्या अभंगांतून दोन स्वप्नें सांगितलीं आहेत. एकांत नामदेव पांडुरंगासह आले व त्यांनीं कवित्व करण्यास सांगितलें. दुसऱ्यांत बाबाजी ह्या गुरूंनीं ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. गुरूंनीं भोजनासाठीं थोडें तूप मागितलें होतें, त्याचा मात्र स्वप्नांत विसर पडला, असेंही तुकाराम तेथेंच नमूद करतात. भाविक ह्या प्रसंगाकडे गुरुकृपा म्हणून पाहतात, आणि तो अर्थ आपल्या जागीं आहे. केवळ स्मरणाच्या दृष्टीनें पाहिलें तरी एक गोष्ट ध्यानांत येते. जें टिकलें तें थोडक्या अक्षरांचें होतें, त्यांतलीं नामें आधींपासून कानांच्या परिचयाचीं होतीं, आणि जागेपणीं त्यांचा अखंड जप झाला.

ह्या सर्वांवरून जो उपाय निघतो तो साधा आहे. जाग येतांच एकदम उठूं नये. डोळे मिटलेलेच ठेवून, ज्या कुशीवर असाल त्याच कुशीवर पडून राहावें. स्वप्नांत काय दिसलें, कोण भेटलें हें प्रथम आठवीत बसूं नये. तें मागून येईल. आधीं चाल ओठांतल्या ओठांत गुणगुणावी, आणि तीही सगळी नव्हे. ज्या तुकड्याची खात्री आहे तो एकच तुकडा चारपांच वेळां. मनांत ऐकणें निराळें आणि गळ्यांतून काढणें निराळें. एकदां गळ्यानें ती वाट चालली म्हणजे विसरणें तितकें सोपें राहत नाहीं. त्यानंतर षड्ज कोठें आहे तें ठरवावें, कारण सा सांपडला कीं बाकीच्या स्वरांना आपापलें घर मिळतें. मग स्वर लिहून काढावे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) ह्यांनीं स्वरलेखनाच्या पद्धति तयार केल्या. त्यांपैकीं कोणतीही थोडीबहुत येत असली तरी पुरे. ज्याला तीही येत नाहीं, त्यानें उशाशीं ठेवलेल्या मोबाइलमध्यें आपलें गुणगुणणें मुद्रित करून ठेवावें. मात्र त्याच यंत्रावर गजराची सुरेल धून लावली असेल, तर चाल वांचण्याऐवजीं बुडेल. शेवटीं, दुपारीं स्वस्थपणें तें ऐकावें आणि जाणत्या माणसास ऐकवून ती कोणाची आहे तें विचारावें.

दुपारीं ऐकतांना बहुधा निराशा होते, हेंही आधींच सांगितलेलें बरें. पहाटे जें अलौकिक वाटलें, तें दिवसा चार साध्या स्वरांचें निघतें. ह्यांत फसवणूक कोणाचीच नसते. स्वप्नांत गुणदोष पाहणारी बुद्धि मंद असते आणि भावना प्रबल असतात. तेथें सूर आणि आनंद एकत्र येतात, जागेपणीं सूर तेवढे हातीं राहतात. तार्तिनीची हळहळ हीच असावी. पण त्या सुरांवर त्यानें कष्ट घेतले म्हणून जगाला एक उत्तम रचना मिळाली.

शिवाय हा प्रयत्न केवळ संगीतकारांनींच करावा असें नाहीं. समजा, एका घरांत सत्तरी उलटलेली आजी आहे. तिच्या आईची दळतांना ओवी म्हणण्याची एक विशिष्ट चाल होती. जातें गेलें, आई गेली, चालही मागें पडली. एका पहाटे स्वप्नांत आई दळावयास बसते आणि तीच चाल जशीच्या तशी ऐकूं येते. अशा वेळीं आजीनें ‘बाई स्वप्नांत आली होती’ एवढेंच सांगून डोळे पुसले, तर ती चाल पुन्हां गेली. पण तिनें पडल्या पडल्या ती गुणगुणली आणि नातीला जवळ बोलावून दोनदां म्हणवून घेतली, तर ती त्या घरांत आणखी पन्नास वर्षें राहील. असें स्वप्न नवें कांहीं देत नाहीं; घरचेंच परत करतें. म्हणून त्याची किंमत कमी नाहीं.

आतां शेवटची हकीकत, जिच्यांत एका मनुष्यानें ह्याच्या उलट केलें. फ्रेंच संगीतकार हेक्टर बेर्लियोझ (१८०३–१८६९) ह्यानें ती आपल्या आठवणींत लिहिली आहे. त्या दिवसांत त्याची पत्नी आजारानें अंथरुणास खिळली होती व तिच्या शुश्रूषेवर पुष्कळ पैसा खर्च होत होता. बेर्लियोझचा चरितार्थ वर्तमानपत्रांतील लेखांवर चाले. एका रात्रीं आपण एक सिंफनी रचीत असून ती ऐकतही आहों, असें त्याला स्वप्न पडलें. सकाळीं तिचा पहिला भाग जवळजवळ सगळा त्याला आठवत होता. तो लिहावयास मेजाकडे निघाला, आणि वाटेंतच थबकला. हा भाग लिहिला तर पुढचे लिहिल्यावांचून राहवणार नाहीं; तीनचार महिने जातील; तेवढ्या काळांत लेख लिहून होणार नाहींत आणि मिळकत बंद पडेल; मग नकला करून घेण्याचा खर्च, जलशाचा खर्च, त्यापायीं कर्ज; आणि घरांत आजारी बायकोच्या औषधाला पैसा नाहीं. त्यानें लेखणी खालीं ठेविली. दुसऱ्या रात्रीं तीच सिंफनी पुन्हां आली, अधिक स्पष्ट आली. तो जागा होऊन तिची चाल गाऊंही लागला. उठण्याचा मोह अनावर झाला. पण पुन्हां तेच विचार मनांत आले आणि तो हट्टानें पडून राहिला. अखेर त्याला झोप लागली, आणि पुन्हां जाग आली तेव्हां ती सारी कायमची पुसली गेली होती.

विस्मरण कसें घडतें ह्याचा ह्याहून स्पष्ट दाखला मिळणें कठीण. लिहिलें नाहीं, पुन्हां झोप घेतली, एवढ्यानें एक मोठी रचना नाहींशी झाली. ज्याला स्वप्नांतलें गाणें ठेवावयाचें आहे, त्यानें बेर्लियोझनें जें केलें तें करूं नये, इतका धडा त्यांतून सहज मिळतो. परंतु त्याला दोष देण्यास जीभ उचलत नाहीं. तार्तिनीला आठवलें नाहीं म्हणून तो जन्मभर हळहळला. बेर्लियोझला आठवत होतें, आणि आजारी माणसासाठीं त्यानें तें जाणूनबुजून जाऊं दिलें. ज्यांच्यावर असा प्रसंग नाहीं, त्यांना हातचें सोडण्याचें कांहींच कारण नाहीं. दिवा लावण्यापूर्वीं दोन मिनिटें स्वस्थ पडून गुणगुणणें, एवढेंच काय तें करावयाचें असतें.